मेकअप शिकायचाय? आधी चेहरे मोजा

बारावी झालेली मुलगी असो, नोकरीला कंटाळलेली तिशीतली बाई असो, की मुलं शाळेत जायला लागल्यावर स्वतःचं काही सुरू करू पाहणारी गृहिणी, मेकअपच्या क्षेत्रात यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता कोर्स करू? जाहिराती उत्तर द्यायला तयारच असतात. पंधरा दिवसांत तीस लूक, महिन्याभरात इंटरनॅशनल सर्टिफिकेट, शेवटच्या दिवशी पोर्टफोलिओ शूट. या जाहिरातींत एक आकडा मात्र सापडत नाही. शिकता शिकता तुमच्या हाताखालून चेहरे किती जाणार?

कोर्सची निवड, किटची खरेदी, सरावाची पद्धत आणि पुढे लावायचा दर, या सगळ्याचा निवाडा याच आकड्यावर करावा, असं माझं मत आहे. वर्गात मॉडेल म्हणून बसते ती बहुधा विशीतली, नितळ त्वचेची मुलगी. तिला कुठलाही लूक शोभतो. लग्नघरात नवरीच्या हनुवटीवर नेमकी आदल्या दिवशी पुळी आलेली असते, तिच्या आईच्या गालांवर वांग असतात, मावशीच्या पापण्या वयाने खाली उतरलेल्या असतात, आत्याला चष्मा काढला की आरसाच दिसत नाही आणि करवलीला कुठल्याशा नटीची लिपस्टिक जशीच्या तशी हवी असते. हे पाच चेहरे विधी सुरू होण्याआधी तयार झाले, तर तुम्ही व्यावसायिक. तीस लूक येतात पण पन्नाशीतल्या बाईच्या डोळ्यांना हात लावायची भीती वाटते, अशी अवस्था असेल तर शिक्षण अजून व्हायचंय.

आधी वाट ठरवा

मेकअप आर्टिस्ट हा शब्द एक असला तरी त्यात निदान चार वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचं शिक्षण थोडं वेगळं आहे.

सगळ्यात जास्त काम लग्नांचं. ते गावोगाव आहे, त्यासाठी मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. पण तिथे नुसता मेकअप येऊन भागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी तर केस, खोपा, गजरा, साडी, नथ हे सगळं एकाच बाईने करावं अशी अपेक्षा असते. म्हणून लग्नाची वाट धरणार असाल तर नऊवारी नेसवायला शिकाच. ब्राह्मणी, पेशवाई, मराठा, कोळी अशा नेसण्याच्या तऱ्हा निराळ्या आहेत आणि घरातल्या मोठ्या बायकांना त्यातला फरक बरोबर कळतो. गोव्यात किंवा वसईत काम करायचं असेल तर चर्चमधल्या लग्नाचीही तयारी हवी. तिथे पांढरा गाऊन असतो, त्यामुळे गळ्याला लावलेला बेस कापडाला लागणार नाही अशा बेताने बसवावा लागतो.

दुसरी वाट मालिका आणि चित्रपटांची. गोरेगावच्या चित्रनगरीत, कोल्हापुरात, साताऱ्याच्या आसपास मराठी चित्रीकरणं चालतात. इथे मेकअप देखणा असण्याइतकाच तो कालच्यासारखा असणं महत्त्वाचं. एकाच प्रसंगाचा पहिला भाग सोमवारी आणि उरलेला शुक्रवारी चित्रित होतो. नायिकेच्या टिकलीचा आकार, कपाळावरच्या जखमेची जागा, केसांची बट कुठल्या बाजूला होती, हे सगळं जुळलं पाहिजे. याला कंटिन्युइटी म्हणतात. प्रत्येक प्रसंगानंतर फोटो काढून नोंद ठेवण्याची शिस्त नसेल, तर या वाटेला जाऊ नये. बारा तासांची शिफ्ट आणि त्यातले बरेचसे तास उभ्याने, हेही आधीच समजून घ्यावं.

या वाटेवर बायकांसाठी एक दार फार उशिरा उघडलं. हिंदी चित्रसृष्टीतल्या रंगभूषाकारांच्या संघटनेचा नियम असा होता की मेकअप पुरुषांनी करायचा आणि बायकांना सदस्यत्व मिळायचं ते फक्त केशभूषाकार म्हणून. रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या चारू खुराणा यांना या नियमामुळे मेकअप आर्टिस्टचं कार्ड नाकारण्यात आलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४मध्ये न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. म्हणजे आज सेटवर ‘मेकअप दादां’च्या बरोबरीने बायका दिसतात, त्यामागे कायद्याची लढाई आहे. मुलींनी हे माहीत करून घ्यावं आणि ‘बायकांनी फक्त केस बघायचे’ असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नये. उलट बाजूने, लग्नाच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलग्यांनाही संकोचाचं कारण नाही. नवरदेवाचा मेकअप आणि दाढी-केसांची निगा हे आता वेगळं बुकिंग होऊ लागलं आहे.

तिसरी वाट नाटकाची. आपल्याकडे तिला रंगभूषा म्हणतात आणि तिची परंपरा जुनी आहे. रंगमंचावरचा चेहरा शेवटच्या रांगेतून वाचता आला पाहिजे, म्हणून भुवया, गालांचे उतार, ओठांची कड हे सगळं ठळक लागतं. त्यात प्रकाशयोजना आड येते. तांबड्या प्रकाशात ओठांची लाली पुसट होते, हिरव्या प्रकाशात तीच काळपट दिसते. रंगीत तालमीला समोर बसून हे पाहिल्याशिवाय कळत नाही. स्पिरिट गमने दाढी-मिशा चिकटवणं, तिशीतल्या नटाला सत्तरीचा करणं, जखम, भाजल्याची खूण, हे सगळं इथे शिकायला मिळतं. नाटकात पैसा कमी आहे, पण चेहरा घडवण्याचं शिक्षण इथल्याइतकं दुसरीकडे क्वचितच मिळतं. राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिक असतं, म्हणजे हौशी संघालाही चांगला रंगभूषाकार हवाच असतो.

व्यक्तिरेखा उभी करण्याची ताकद कुठवर जाऊ शकते, हे पाहायचं असेल तर दिवंगत विक्रम गायकवाड यांचं काम अभ्यासा. २०११च्या चित्रपटांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या दोन चित्रपटांसाठी मिळाला. एकात सुबोध भावे यांच्या चेहऱ्यातून संगीत रंगभूमीवरची नायिका काढायची होती, दुसऱ्यात विद्या बालन यांना ऐंशीच्या दशकातली पडद्यावरची नटी करायचं होतं. दोन्ही चित्रपट आवाज बंद करून पाहा. नुसते चेहरे बघा, भुवईचा बाक कुठे बदलला आणि त्वचेचा पोत कुठे तसाच ठेवला ते टिपा.

चौथी वाट जाहिरात आणि फॅशनची. ती बहुतांशी मुंबईत आहे, छायाचित्रकारांशी ओळख आणि भक्कम पोर्टफोलिओ यांवर चालते. पहिल्याच वर्षी तिच्यावर पोट भरेल असं धरून चालू नका.

कोर्स निवडताना

दहावीनंतर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्यात मेकअप हा एक भाग आहे. त्वचा, केस, नखं यांची पायाभूत माहितीही मिळते, फी परवडणारी असते आणि प्रमाणपत्र सरकारी असतं. पार्लरही चालवायचं असेल तर ही सुरुवात उत्तम. कौशल्य विकास योजनांमध्ये ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे अभ्यासक्रम आहेत, त्यांत ब्रायडल आणि फोटोग्राफिक मेकअपचाही आहे. चित्रपट-मालिकांच्या बाजूने मीडिया अँड एंटरटेनमेंट स्किल्स कौन्सिलचा मेकअप आर्टिस्टचा अभ्यासक्रम आहे. केंद्र खरंच मान्यताप्राप्त आहे का, हे स्किल इंडियाच्या पोर्टलवर पाहता येतं. ‘सिडेस्को’ हे नाव तुम्ही ऐकाल. ही १९४६मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे आणि तिच्या पदविकेला परदेशातल्या स्पा-सलूनमध्ये मान आहे. पण तिचा भर त्वचेच्या उपचारांवर असतो. केवळ नवरीचा मेकअप करायचा असेल तर तेवढा खर्च करण्याची गरज नाही.

खासगी अकादम्यांची फी काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. फी आणि शिकवण्याचा दर्जा यांचं नातं सरळ नाही. प्रवेश घेण्याआधी एकदा चालू वर्गात जाऊन बसा आणि हे प्रश्न विचारा:

- एका तुकडीत किती जण असतात आणि प्रत्येकीला प्रत्यक्ष सराव किती तास मिळतो?
- मॉडेल कोण आणतं? वेगवेगळ्या वयाच्या आणि वर्णाच्या बायका सरावाला बसतात का?
- रोज शिकवणार कोण? जाहिरातीत फोटो असलेल्या मॅडम, की त्यांच्या सहायक?
- किट फीमध्ये धरलं आहे का? असल्यास त्यातली उत्पादनं कोणती, पूर्ण आकाराची की नमुन्याच्या डब्या?
- कोर्सनंतर खऱ्या कामावर सोबत नेतात का? त्याचे पैसे देतात की घेतात?
- प्रमाणपत्र नेमकी कोणती संस्था देते?

शेवटच्या प्रश्नाला ‘इंटरनॅशनल’ एवढंच उत्तर मिळालं तर सावध व्हा. आणि मागच्या तुकडीतल्या दोघी-तिघींचे नंबर मागून घ्या. त्या आज काय करतात यावरून अकादमीची खरी किंमत कळते. ऑनलाइन व्हिडिओ जरूर पाहा, पण ते पाहून डोळा तयार होतो, हात होत नाही. पापणी किती ओढली की दुखते, स्पंज किती दाबला की बेस उचलला जातो, हे पडद्यावर दिसत नाही.

त्वचा, रंग, उजेड

मेकअप बिघडतो तो बहुतेक वेळा बेसमध्ये, आणि बेस बिघडतो तो त्वचा न वाचल्यामुळे. ब्रश हातात घेण्याआधी स्वच्छ चेहऱ्याला उजेडात न्या. कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे असतील तर दोन्हीकडे एकच प्राइमर चालणार नाही. त्वचेचे पापुद्रे निघत असतील तर आधी ओलावा द्या, तो मुरायला पाच-दहा मिनिटं थांबा. ही पाच मिनिटं वाचवणारीचा बेस दुपारी फाटलेला दिसतो.

फाउंडेशनची छटा मनगटावर पाहू नका. जबड्याच्या कडेवर दोन-तीन छटांच्या रेघा ओढा, गळा आणि छातीचा वरचा भाग यांच्याशी जुळवा, आणि दहा मिनिटं थांबून पुन्हा पाहा. काही फाउंडेशन हवेशी संपर्क आल्यावर गडद होतात. आपल्याकडे बऱ्याच जणींच्या चेहऱ्याचा आणि गळ्याचा रंग वेगळा असतो, तोंडाभोवती आणि कपाळाच्या कडेला काळसर झाक असते. अशा वेळी एकच छटा सगळीकडे फासली की चेहरा सपाट होतो. मधल्या भागाला एक, कडांना अर्धी छटा गडद, असं काम करावं.

डोळ्यांखालच्या काळेपणावर थेट फिका कन्सीलर लावला की ती जागा राखाडी दिसते. रंगचक्रात समोरासमोर असलेले रंग एकमेकांना मारतात, म्हणून निळसर-काळसर भागावर आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरचा पातळ थर, मग त्वचेशी जुळणारा कन्सीलर. गोऱ्या त्वचेवरच्या लालीला हिरवा करेक्टर चालतो, सावळ्या त्वचेवर मात्र त्याची राख उठते. तिथे पिवळसर छटा बरी. थर नेहमी पातळ, दोनदा लावा पण पातळ.

आता उजेड. खोलीतल्या पिवळ्या बल्बखाली केलेला मेकअप बाहेर मांडवात भडक निघतो. शक्य तिथे खिडकीसमोर बसवा, नाहीतर दिवसासारखा पांढरा प्रकाश देणारा स्वतःचा दिवा सोबत ठेवा. काही बारीक पांढऱ्या पावडरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की चेहऱ्यावर पांढरे डाग उमटतात. सनस्क्रीनचा जाड थरही हाच घोटाळा करतो. म्हणून काम संपल्यावर फ्लॅश लावून एक फोटो काढायचाच, हा नियम करा.

मराठी लग्नाचे काही खास पेच आहेत आणि ते बाहेरच्या देशात तयार झालेल्या अभ्यासक्रमात सापडणार नाहीत. आदल्या दिवशीच्या हळदीने त्वचेवर पिवळी झाक राहते, त्यामुळे ट्रायलला जुळलेली छटा लग्नाच्या सकाळी जुळेलच असं नाही. हळदीआधी चेहऱ्याला तेलाचा हलका हात फिरवायला सांगा आणि किटमध्ये जवळच्या दोन छटा ठेवा. मुंडावळ्या कानशिलांवर घासतात, तिथला बेस नीट बसवून घ्या. नथ ओठांवर टेकते, म्हणून लिपस्टिक न पसरणारी हवी आणि नथ घालूनच ओठांची कड शेवटची तपासावी. होमाच्या धुराने डोळ्यांना पाणी येतं आणि पाठवणीला पुन्हा येतं, तेव्हा काजळ-लायनर पाण्याला दाद न देणारं असावं. भुवया कोरणं, ब्लीच, नवं फेशियल हे लग्नाच्या आदल्या दिवशी करू नये, हे नवरीला महिनाभर आधी सांगून ठेवा.

आणि वेळ. मुहूर्त तुमच्यासाठी थांबत नाही. अकराचा मुहूर्त असला तरी नवरी गौरीहरापाशी त्याच्या बरीच आधी बसते. तिच्या मेकअप, केस आणि साडीला मिळून अडीच-तीन तास धरले तर पहाटे पाचला तुम्ही हॉलवर हव्यात. घड्याळ लावून सराव करा. पूर्ण चेहरा सव्वा तासात, आई-मावशीचा तीस-चाळीस मिनिटांत, हे जमेपर्यंत बुकिंग घेण्याची घाई नको.

एक नाजूक बाबही शिकण्याचाच भाग आहे. ‘जरा उजळ कर गं हिला,’ असं कुणीतरी म्हणतंच. बहुतेक वेळा ते नवरी म्हणत नाही. दोन छटा फिका बेस लावला की हात-गळा वेगळा आणि चेहरा वेगळा, असे फोटो जन्मभर राहतात. म्हणून ट्रायलच्या वेळी नवरीशी एकटीशी बोला, तिला काय हवं ते विचारून घ्या, आणि अर्ध्या चेहऱ्याला जुळता बेस लावून फोटो दाखवा. घरातल्यांशी वाद घालण्यापेक्षा फोटो जास्त काम करतो.

स्वच्छता

स्वच्छता हा नवख्यांच्या शिक्षणातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. एकीच्या डोळ्यांची साथ दुसरीला लागली तर तुमचं नाव एका दिवसात जातं. लिपस्टिक थेट ओठांवर फिरवायची नाही, पट्टीने खरवडून स्टीलच्या पॅलेटवर घ्यायची. मस्काऱ्याची कांडी एकदा वापरून टाकायची आणि वापरलेली पुन्हा ट्यूबमध्ये बुडवायची नाही. क्रीम डबीतून बोटाने काढायची नाही. ब्रशवर फुंकर मारायची नाही. दोन चेहऱ्यांच्या मध्ये ब्रश सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून सुकवायचे, दिवसाअखेर साबणाने धुऊन आडवे वाळवायचे. उभे ठेवले तर पाणी मुळात उतरतं आणि केस गळतात. स्पंज प्रत्येकीचा वेगळा.

ट्रायललाच विचारून घ्या: कुठल्या उत्पादनाची अ‍ॅलर्जी आहे का, त्वचेचं औषध चालू आहे का, लेन्स घालता का. कानामागे किंवा कोपराच्या आत थोडं उत्पादन लावून दिवसभर ठेवायला सांगा. कृत्रिम पापण्यांच्या गोंदाचीही चाचणी करा, कारण लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणारे लोक असतात. डोळे आलेले असतील तर डोळ्यांना हात लावायचा नाही, मग बुकिंग कितीही मोठं असो.

किट हळूहळू भरा

पहिल्याच महिन्यात लाखाचं किट घेण्याचा मोह होतो. त्यातली अर्धी उत्पादनं वापरण्याआधीच जुनी होतात. डबीवर झाकण उघडलेल्या बरणीचं छोटं चित्र असतं आणि त्यात १२एम असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. मस्कारा तर तीन ते सहा महिन्यांतच बदलावा लागतो. उघडल्याची तारीख तळाशी चिकटवून ठेवा.

सुरुवातीला पैसा बेसवर घाला. एकमेकींत मिसळता येतील अशा पाच-सहा फाउंडेशन छटा, करेक्टर-कन्सीलरचं क्रीम पॅलेट, एक चांगली सेटिंग पावडर, दहा-बारा नीट निवडलेले ब्रश. आयशॅडोत मातकट, विटकरी, सोनेरी, मरून एवढं आधी पुरतं. चकचकीत रंगांचे मोठे पॅलेट नंतर घ्या. गजरे, पिना, खोप्याचं साहित्य, टिकल्यांची पाकिटं घाऊक बाजारातून स्वस्तात मिळतात. पण त्वचेवर जाणारी वस्तू ‘फर्स्ट कॉपी’ कधीही घेऊ नका. देशी उत्पादनावर उत्पादन परवान्याचा आणि बॅचचा क्रमांक, आयात उत्पादनावर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता असायला हवा. तो नसेल तर कितीही नामवंत नाव छापलेलं असो, डबी परत ठेवा.

कोर्सनंतरचं खरं शिक्षण

प्रमाणपत्र हातात आल्यावर लगेच दुकान थाटू नये. एखाद्या अनुभवी आर्टिस्टच्या हाताखाली निदान एक लग्नसराई काढावी. तिथे सुरुवातीला ब्रश धुणं, साडीच्या निऱ्या धरणं, पापण्या कापून देणं अशीच कामं मिळतात. ती करता करता बघायला मिळतं की वरात लवकर आली तर कुठलं काम आधी उरकायचं, रडणाऱ्या नवरीशी काय बोलायचं, जास्तीच्या दोन काकू रांगेत येऊन बसल्या तर हिशेब कसा सांगायचा. हाताखाली काम करताना एक रिवाज पाळा: तिथल्या ग्राहकाला आपला नंबर द्यायचा नाही. हे क्षेत्र लहान आहे आणि बातम्या पोचतात.

सरावासाठी चेहरे हवेत, तर ते शोधायचे कुठे? लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि चातुर्मासात थांबतो. पण पावसाळ्याचे हे महिने शिकणाऱ्यासाठी सोन्याचे आहेत. श्रावणात मंगळागौरीचे गट असतात. एका दुपारी विशीपासून साठीपर्यंतच्या दहा-बारा बायका नऊवारीत तयार व्हायच्या असतात. खर्चापुरते पैसे घेऊन ते काम घ्या. याच दिवसांत महाविद्यालयांच्या एकांकिका स्पर्धा असतात, मुलांना रंगभूषा करणारं कुणी हवंच असतं. मग गणपती, नवरात्र, शाळांची स्नेहसंमेलनं.

प्रत्येक चेहऱ्याची नोंद एका वहीत ठेवा: त्वचा कशी होती, कुठल्या छटा किती प्रमाणात मिसळल्या, वेळ किती लागला. तीन फोटो काढा, मेकअपआधी, लगेच नंतर आणि सहा तासांनी. तिसरा फोटो मागून घ्यायला संकोचू नका. पावडर कुठे गोळा झाली, नाकाच्या कडेला बेस कुठे सुटला, हे त्याच फोटोत दिसतं. शंभर चेहऱ्यांच्या अशा नोंदी झाल्या की दुसऱ्या कोर्सची गरज आहे का आणि असल्यास नेमका कशाचा, हे तुम्हालाच सांगता येईल.

पोर्टफोलिओतही हेच चेहरे ठेवा. फिल्टर लावलेले फोटो ग्राहकाला लगेच ओळखू येतात. फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी परवानगी घ्या, तीही लेखी असेल तर उत्तम. आपला मेकअपआधीचा चेहरा जगाने पाहावा असं प्रत्येकीला वाटत नाही.

दर, हिशेब आणि कागद

शेजारणीपेक्षा पाचशे कमी, हा दर ठरवण्याचा मार्ग नव्हे. उदाहरणादाखल हिशेब करू. समजा, लग्नाच्या दिवसाचे तुम्ही पंधरा हजार घेता. प्रवास १,५००, मदतनीस २,०००, पापण्या-स्पंज यांसारख्या एकदाच वापरायच्या वस्तू ८००, उत्पादनांची झीज १,७००, गजरे-पिना ५००, फोटो आणि जाहिरात १,०००. झाले ७,५००. उरलेल्या साडेसात हजारांत ट्रायलची दुपार, पहाटेपासूनचा पूर्ण दिवस आणि आदल्या रात्रीची तयारी आली. आता सराईत अशी किती कामं मिळतील आणि बाकीचे महिने कसे जातील, याचा अंदाज घ्या. तेव्हा कळतं की अमुक दर जास्त वाटत होता तो का लावावा लागतो.

बुकिंग तोंडी घेऊ नका. तारीख, ठिकाण, सुरू करण्याची वेळ, माणसांची संख्या, साड्या किती बदलायच्या, आगाऊ रक्कम, रद्द झाल्यास काय, एवढं मोबाइलवर लिहून ‘मान्य’ असं उत्तर घ्या. व्यवसायाची उद्यम नोंदणी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देण्याची गरज नाही. भांडवल लागलं तर मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत कर्जाची सोय आहे. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्याआधीही प्रत्येक रुपयाची नोंद ठेवा, पुढे मोठं कर्ज मागताना हीच वही बँकेत उपयोगी पडते.

शरीराचा हिशेबही मांडा. वाकून काम करणाऱ्यांची कंबर आणि मान पहिल्या दोन-तीन सराईंतच बोलायला लागते. ग्राहकाचा चेहरा तुमच्या डोळ्यांच्या पातळीत येईल अशी उंच खुर्ची घ्या, सपाट तळव्याची पादत्राणं घाला, आणि सलग दोन दिवस पहाटेची कामं घेताना मधली झोप मोजा.

हातातली नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न एका सराईनंतर येतोच. त्याचं उत्तर शेवटच्या दहा बुकिंगमध्ये शोधा. त्यातली निम्मी तरी जुन्या ग्राहकांच्या सांगण्यावरून आली असतील, आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे सहा महिन्यांच्या घरखर्चाला पुरत असतील, तर राजीनामा लिहा. तसं नसेल तर शनिवार-रविवारची कामं चालू ठेवा आणि पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा.